कांद्याच्या वजनाची चरखी

आमचे घरमालक खिशात कांदा घेऊन फिरायचे. चाकणचा, लालसर, वरची साल न सुटलेला कांदा. कोटाच्या उजव्या खिशात तो लोंबत असायचा आणि समोरून येणाऱ्याची नजर हटकून तिथं जायची. मी त्यांच्या शेजारून चालत असलो तर हळूच दोन पावलं मागं राहायचो. माझं वय तेव्हा बावीस-तेवीस. त्या वयात माणसाला कशाचीही लाज वाटते, आणि खिशातला कांदा ही तर लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती.

कांदा खाण्यासाठी नव्हता. ते माप होतं. मालकांना मासे धरायच्या काठीवर बसवायला, दोरी गुंडाळायची एक हलकी चरखी हवी होती, आणि ती या कांद्याहून जड असता कामा नये, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. वजनकाटा न्या म्हटलं तर म्हणत, "काटा दुकानदाराचा असतो. कांदा माझा आहे."

मी पारनेरकडून नुकताच आलो होतो. पिंपरीला एका नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो आणि चिंचवडात मालकांच्या पत्र्याच्या खोल्यांपैकी एक घेऊन राहत होतो. चिंचवड तेव्हा गावच होतं. पवनेचं पाणी निवळ होतं, लोक ते पीत होते. मालक खडकीच्या लष्करी कचेरीत कारकुनी करून घरी बसलेले. कचेरी सुटली होती, पण कचेरीची भाषा काही सुटली नव्हती. आमटीत मीठ जास्त झालं तर "सदरहू आमटी परत पाठवण्यात येत आहे" म्हणत. भाडेकरूंना नावानं हाक मारण्याची त्यांना सवयच नव्हती. खोलीच्या नंबरानं मारत. मी तीन नंबर. चिंचवड स्टेशनच्या फलाटावर ते लांबूनच ओरडत, "अहो तीन नंबर! इकडं या, इकडं!" सगळा फलाट माझ्याकडं वळून बघायचा. एकदा एका बाईनं आपल्या मुलीला चटकन जवळ ओढून घेतलं. मी येरवड्याहून सुटून आलोय, असंच तिला वाटलं असणार.

मासे धरायची त्यांची रीतही जगावेगळी होती. गळ टाकून गप्प बसायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. ते आधी माशांना जेवू घालत. चहाच्या दोन गाळण्या तोंडाला तोंड लावून तारेनं बांधायच्या, आत शेंगदाण्याची पेंड, भाजलेला कोंडा, थोडा गूळ आणि चिमूटभर हिंग कालवून भरायचं, आणि ही पुरचुंडी गळाच्या जवळच दोरीला बांधून नदीत फेकायची. पाण्यात पेंड हळूहळू सुटते, वासानं मासे गोळा होतात, आणि जेवता जेवता एखादा गळालाही तोंड लावतो. "आधी पंगत, मग गळ," असं ते म्हणायचे. कचेरीतल्या गोऱ्या साहेबानं शिकवलेली विद्या होती ती. साहेब विलायतेला परत जाताना आपली काठी आणि पितळी चरखी यांना देऊन गेला होता.

त्या गाळण्यांपायी आमच्या सगळ्या खोल्यांतला चहा पत्तीसकट प्यावा लागायचा. मालक येत, दारातूनच विचारत, "गाळणी आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता घेऊन जात. मला बघायला नगरहून पाहुणे आले होते, त्या दिवशीची गोष्ट. मुलीचे वडील, मामा, आणखी कोणी कोणी चटईवर बसलेले. मी स्वतः चहा गाळत होतो. मालक आत आले, माझ्या हातातली गाळणी घेतली, उलटसुलट करून बघितली, "मंजूर," म्हणाले आणि चालते झाले. त्यांच्या बोटांना हिंगाचा वास होता आणि खिशात कांदा होता. मुलीच्या मामांनी विचारलं, "हे आपले कोण?" माझे कान तापले. मी म्हणालो, "मालक आहेत." मामा म्हणाले, "बरं," आणि कपातली पत्ती बोटानं काढायला लागले. सोयरीक झाली, तो भाग वेगळा. पण अजूनही आमच्याकडं चहात पत्ती आली की सासरची माणसं हसतात.

मासा मात्र मालक स्वतः खात नसत. "ज्याला हातानं जेवू घातलं त्याला ताटात कसं घ्यायचं?" असा त्यांचा सवाल असे. धरलेला मासा भाडेकरूंत वाटून टाकत. मालकीणबाई मात्र मिटक्या मारत खायच्या आणि वर म्हणायच्या, "मला न्हाई बाई कुणी पंगतीला वाढाय लावलं."

मालकांचा आणखी एक नेम होता, आणि हा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता. मासा गळाला लागला की कोणी हात लावायचा नाही. "मासा आणि मी, दोघांचा मामला. मध्ये तिसरा नको." थेरगावच्या बाजूला नदीच्या वळणावर त्यांची जागा होती. पलीकडच्या काठाला नाना म्हणून एक भोई जाळं टाकायचा. एकदा मालकांच्या गळाला चांगलं दणदणीत धूड लागलं. काठी कमान झाली. मालक पाण्यात गुडघ्यापर्यंत ओढले गेले. नाना पोहत अलीकडं आला आणि म्हणाला, "मालक, हात लावू का? एकट्यानं न्हाई व्हायचं हे." मालकांनी त्याच्याकडं बघितलं, कमरेचा चाकू काढला आणि दोरी कापून टाकली. मासा गेला. नाना तसाच ओला उभा. मालक काठावर येऊन धोतर पिळत म्हणाले, "आभारी आहे. परंतु गरज नव्हती." नानानं ही गोष्ट पुढं गावभर सांगितली, आणि सांगताना प्रत्येक वेळी त्याच्या आवाजात कौतुकच असायचं.

असा माणूस हलक्या चरखीच्या शोधात निघाला होता. पितळी चरखी उत्तम होती, पण वजनदार. मालक मला समजावून सांगत, "एका जागी बसून राहणाऱ्याला जड चालते. माझं तसं नाही. दर थोड्या वेळानं गाळणी ओढून काढायची, पेंड भरायची, पुन्हा फेकायची. सारखं फेकायचं म्हणजे मनगटावर येतं. चरखी अशी हवी, की हातात आहे हे हाताला कळू नये. फिरायला लोण्यासारखी. आणि मोठा मासा ओढायला लागला तर थोडी सैल सुटणारी, नाहीतर दोरीच तुटायची."

हे सगळं बरोबर होतं. मला पटायचंही. लाज वाटायची ती पुढच्या भागाची.

रविवारी आम्ही गाडीनं शिवाजीनगरला उतरून जुन्या बाजारात जायचो. तिथं लष्करी लिलावातला माल मांडून बसणारे एक चाचा होते. दुर्बिणी, बूट, कुलपं, तंबूचे खिळे, आणि त्यातच साहेबलोकांच्या मासेमारीच्या वस्तू. मालक पुढ्यात बसत. एका हातात चरखी घेत, खिशातून कांदा काढून दुसऱ्या हातात घेत. डोळे मिटत. दोन्ही हात वरखाली करत. भोवती माणसं जमत. कोणी म्हणे, म्हातारा नवस फेडतोय. कोणी म्हणे, कांद्याच्या बदल्यात माल मागतोय. मी शेजारच्या दुकानात कुलपं बघत उभा राहायचो, आणि नेमकं तेव्हाच मालक ओरडायचे, "तीन नंबर! तुम्ही धरून बघा!" मग मलाही त्या गर्दीत बसून एका हातात कांदा घ्यावा लागायचा.

"क्या फरमाते हैं कांदा साहब?" चाचा विचारायचे.

"नामंजूर," मालक म्हणायचे आणि कांदा खिशात जायचा.

एक जड होती, एकीची फिरवायची मूठ करकरत होती, एकीवर दोरी पुरेशी मावत नव्हती. एक अगदी मनासारखी सापडली होती. कांद्याच्या बरोबरीची, काळी, गुळगुळीत, फिरवली की आवाज नाही. मला वाटलं, सुटलो. मालकांनी ती हातात घेतली, बराच वेळ धरून बसले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू." पुढच्या रविवारी त्यांनी तीच चरखी पुन्हा हातात घेतली, कांदा घेतला आणि म्हणाले, "जड आहे. नामंजूर."

चाचा चमकले. मीही. चरखी तीच होती. मग माझी नजर मालकांच्या दुसऱ्या हाताकडं गेली. कांदा तो नव्हता. आधीच्यापेक्षा लहान होता.

मी कोणाला काही बोललो नाही. पण त्यानंतर मी कुलपं बघायचं सोडून कांदा बघायला लागलो. सुरुवातीला मुठीत न मावणारा होता. मग मध्यम झाला. दिवाळीनंतर तर खिसा लोंबेनासाच झाला. बारीक कांद्याला बाजारात गोल्टी म्हणतात, खाणावळवाले स्वस्तात पोत्यानं नेतात तो. मालकांच्या खिशात आता गोल्टी होती.

मालकीणबाईंनी एकदा मला नळावर गाठलं. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगते, पोटात ठेवा. त्यांचा उजवा हात चालंना झालाय. चहाचा कप दोन्ही हातानं धरत्यात. सकाळी अंगरख्याची बटनं मीच लावते, ती बी पाठ करून उभं ऱ्हात्यात. डॉक्टरकडं चला म्हनलं तर म्हनत्यात, हात ठीक हाय, चरखीच जड हाय."

मी म्हणालो, "मग नदीवर जाणं थांबवा की."

"नदी थांबली की ते बी थांबतील," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलंय असं दावू नका. लाजंनंच मरतील."

म्हणजे आता मला सगळं माहीत होतं आणि माहीत नाही असं दाखवायचं होतं. पूर्वी मला त्यांच्याबरोबर दिसण्याची लाज वाटायची. आता ते डोळे मिटून कांदा तोलायला लागले की त्यांच्याकडं बघण्याची लाज वाटायला लागली. दुसऱ्याचं झाकलेलं आपल्याला दिसावं आणि नजर कुठं ठेवायची ते कळू नये, तसं व्हायचं.

मग एका रविवारी मालकांना कणकण आली. त्यांनी मला बोलावून खिशातली गोल्टी माझ्या तळहातावर ठेवली. "तीन नंबर, आज तुम्ही एकटे जा. या मापाबाहेर जायचं नाही." मी गेलो. पण चाचांच्या पुढ्यात, भर बाजारात, एकट्यानं खिशातून कांदा काढायचा धीर मला झाला नाही. मी साधेपणानं म्हणालो, "चाचा, मालकांना हलकी चरखी पाहिजे. एकदम हलकी."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "हलकी? हलका माल मैं रखता नहीं. पर आप बोलते तो..." असं म्हणत त्यांनी मागच्या पोत्यातून एक पत्र्याची चरखी काढली. रंग उडालेली, मूठ लाकडाची, पोरांच्या खेळण्यात शोभावी अशी. बाजारात हलका म्हणजे दुय्यम, टाकाऊ. मला ते सुचलंच नाही. मी ती हातात घेतली. वजन नव्हतंच. मी खूश होऊन घेऊन आलो.

मालकांनी ओट्यावर बसून पुडा सोडला. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं बघायला जमली. चरखी बाहेर आली आणि सगळे पुढं वाकले.

"हे काय आहे?"

"हलकी आहे, मालक."

"अहो, हलकी म्हणालो होतो मी! हलकट नव्हे!"

चाळ हसायला लागली. एक नंबर खोलीतला शिंपी तर हसता हसता खाली बसला. मालक इतके संतापले होते, की रागाच्या भरात आपणही हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला मात्र जमीन दुभंगली तर बरं, असं झालं होतं. "सदरहू चरखी नामंजूर," त्यांनी जाहीर केलं आणि ती उचलून आत गेले. पण ते दारातून आत वळताना मी बघितलं. चरखी त्यांनी उजव्या हातात धरली होती, एकट्या उजव्या हातात. बऱ्याच दिवसांनी.

पुढच्या वेळी आम्ही नदीवर गेलो, तेव्हा काठीला पितळी चरखी बसवलेली होती. गावातून जाताना लोकांना तीच दिसली. वळणावर पोचल्यावर मालकांनी मला पेंड कालवायला लावलं आणि पाठमोरे बसले. परत वळले तेव्हा काठीवर ती पत्र्याची होती. मी पेंडीकडं बघत राहिलो. ते म्हणाले, "दुसरी मिळेपर्यंत." मी म्हणालो, "हो हो."

पलीकडं त्या दिवशी नाना नव्हता. मालकांनी गाळणी भरून फेकली. लांब गेली नाही, पण गेली. ओढून काढली, पुन्हा भरली, पुन्हा फेकली. त्यांचा चेहरा उजळला होता. पाण्यावर हिंगाचा वास पसरला. आणि मग काठीचा शेंडा एकदम खाली गेला.

खडशी होती. पवनेतला खवल्यांचा मोठा मासा, जोराला पक्का. पत्र्याची चरखी कुरकुरली. मालक उठून उभे राहिले, डाव्या हातानं काठी छातीशी धरली, उजवा हात मुठीवर ठेवला. मूठ अर्धी फिरली आणि थांबली. बोटं उलगडली. त्यांनी ती पुन्हा मुठीभोवती नेली, पुन्हा उलगडली. आपल्या हाताकडं ते असे बघत होते, जसे कचेरीत हाताखालच्या, न ऐकणाऱ्या माणसाकडं बघत असतील. दोरी सुटत चालली होती. चाकू कमरेलाच होता. त्यांचा हात तिकडं गेला. पण चाकूही त्या बोटांत धरता येईना.

मी उभा होतो. हात लावावा तर नेम मोडतो, लावू नये तर बघवत नाही. मी नदीकडं बघितलं, झाडांकडं बघितलं.

"तीन नंबर," ते पाण्याकडंच बघत म्हणाले, "तुमच्या हातात काय आहे?"

"काही नाही, मालक."

"मग रिकामेच आहेत ना हात."

मी जवळ गेलो. त्यांनी काठी धरली, मी मूठ फिरवली. खडशी काठाला आली, मी तिला गवतावर ओढून घेतलं. मालक खाली बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. त्यांनी त्यावर उपरणं टाकलं. मी गाळणी धुवायला म्हणून लांब गेलो आणि बराच वेळ धूत बसलो.

येताना काठीवर पुन्हा पितळी चरखी होती. ती मीच बसवून दिली.

घरी मालकीणबाईंनी मासा बघितला आणि त्यांचं भानच हरपलं. नवऱ्याचा हात चालत नाही म्हणून रोज आतल्या आत झुरणारी ती बाई. तिला वाटलं, हात बरा झाला. पदर खोचून ओट्यावर उभ्या राहिल्या आणि साऱ्या चाळीला हाका मारायला लागल्या. "बघा, बघा! एकट्यानं काढला! म्हातारा म्हनता व्हय?" माणसं जमली. शिंप्यानं मासा उचलून वजनाचा अंदाज सांगितला. भोईवाड्यातून नाना आला. त्यानं मासा बघितला, मग मालकांच्या पायाला हात लावला. "मालक, एकट्यानं? ह्या वयात? आमच्या पोरास्नी सांगतो."

मालक माझ्याकडं बघत नव्हते. मी त्यांच्याकडं बघत नव्हतो. दोघंही त्या माशाकडं बघत होतो. मला इतकी शरम त्या गाळणीच्या दिवशीही वाटली नव्हती. नाना वाकलेला होता आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला मालकांनी हात उचलला, तो डावा.

रात्री मला कालवण आलं. मी ते शिंप्याला देऊन टाकलं.

सकाळी नळावर गर्दी होती. बायका हंडे घेऊन, मी डबा घेऊन पाळीला निघालेला, नाना दाराशी मासे विकायला बसलेला. मालक ओट्यावर आले. कोट घातलेला, बटणं उघडी. कचेरीत हुकूम वाचावा तशा आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"सर्वांस कळवण्यात येते, की काल आणलेला मासा मी काढलेला नाही. सदरहू मासा तीन नंबर यांनी ओढला. माझा उजवा हात..." इथं ते अडले. मग कचेरीची भाषा सोडून म्हणाले, "माझा हात गेलाय. कामाचा राहिला नाही."

नळ वाहत राहिला. कोणी हंडा सरकवला नाही. मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, निदान नानानं तरी काहीतरी बोलावं. तो उठला, ओट्याजवळ गेला आणि मालकांच्या कोटाची बटणं खालून एकेक लावायला लागला. मालक ताठ उभे होते. पाठ केली नाही.

बटणं लावून झाल्यावर मालकांनी खिशातून गोल्टी काढली आणि बायकोच्या हातात दिली. "घे. फोडणीत टाक."

पुढच्या रविवारी मी दार लावूनच बसलो होतो. आता ते नदीवर येणार नाहीत, आणि आपण कोणत्या तोंडानं विचारायचं, या विचारात. दारावर पायानं ठोकल्याचा आवाज आला. उघडलं तर मालक. खांद्याला पेंडीची पिशवी, दोन्ही हातांत छातीशी धरलेली पितळी चरखी.

"तीन नंबर," ते म्हणाले, "ही घ्या. आता जड असली तरी चालेल."